सुकरीबाई मोहाखाली पाला पेटवत नाई

मोहाच्या झाडाखालचा पाला सारं गाव पेटवते. खोटं कायले बोलू, मीबी पेटवत होती. पाला जळला का जमीन साफ होते, टपटप पडलेलं फूल डोळ्याले दिसते, अन् झुडपात कोनी दबून बसलं असन तर तेबी दिसते. एक सुकरीबाईच तेवढी खराट्यानं झाडते. वाकून वाकून कंबर मोडते तिची, पन काडी ओढत नाई.

लोकं मोठे हुशार. जंगलनाक्यावरचा गार्ड म्हनते, आग लावू नका ही आमची पाटी वाचून सुकरीबाई सुधरली. अरे बाबा, तिले कुठी वाचता येते? चामोर्शीच्या बाजारात मोहफूल घेनारा बाबूभाई म्हनते, माह्यासाठी झाडते, तिच्या फुलात राख नसते. घ्या! ज्याले त्याले आपलीच बढाई.

खरं मले माहीत हाय, मी शेजारीन हाय तिची. बारा वर्षांमागं तिनं असाच पाला पेटवला, वारा फिरला अन् आग टेकडीवर चढली. वर तिचा नवरा पोचूभाऊ बांबू तोडून राह्यला होता. तिले वाटलं, तो घरीच हाय. भाऊ जिता आला, पन पाय भाजले अन् धुरानं गळा गेला. आता एक पाय फरफटत चालते, अन् बोलला तर नुसतं फुसफुस. हाक म्हनून निघत नाई तोंडातून. तवापासून ती जंगलात आगपेटी नेत नाई. तिले भेव वाटते, बाकी काई नाई.

या चैतात भेवानं माहीबी बोबडी वळली होती. होळी झाल्यावर बाजूच्या गावची एक बाई मोह वेचताना वाघानं नेली. तिची चप्पल तेवढी सापडली. पन फूल काय आपल्यासाठी थांबते? पडलं का वेचाच लागते. सुकरीबाई म्हनली, "दोघी जाऊ, बोलत बोलत वेचू." मी कंबरेले आगपेटी खोसली. तिले सांगतलं नाई.

आम्ही पोचलो तवा उजेड पुरा फुटला नव्हता. झाडाखाली घोट्याच्या वर पाला. ती झाडत होती, मी वेचत होती. तेवढ्यात समोर रायमुनियाच्या झुडपामागं आवाज आला. खर्र. मंग बंद. मंग पुन्हा खर्र, काहीतरी ओढत आनल्यासारखं.

"कोन हाय?" मी ओरडली. उत्तर नाई. सुकरीबाईच्या हातातला खराटा थांबला.

मी आगपेटी काढली. घाईघाईत दोन काड्या मोडल्या. तिसरी पेटली. वारा झुडपाकडंच होता, काडी खाली पडली असती तर भडका सरळ वाघाच्या तोंडावर गेला असता. मले तेच पाहिजे होतं.

सुकरीबाईनं झडप घातली, एका हातानं माहं मनगट धरलं अन् दुसऱ्या हातानं जळती काडी मुठीत चुरगाळली.

"अवं, वाघ हाय वं!" मी रडकुंडीले आली. "सोड मले! दोघी मरू!"

"मानूस असन तर?"

"मंग बोलत काऊन नाई?"

तिनं माहं मनगट सोडलं नाई. भेवानं तिचेबी दात वाजत होते. खर्र खर्र जवळ आलं. मी डोळे गच्च मिटले. घरची लेकरं आठवली, चप्पल आठवली.

झुडूप हललं अन् पोचूभाऊ बाहेर आला. घामानं ओलाचिंब, हातात पान्याची बाटली. आम्ही घरीच विसरलो होतो ती. ओठ हलत होते त्याचे. बिचारा केव्हाचा हाक मारून राह्यला होता.

मी मटकन खाली बसली. आगपेटी हातातच होती, ती लपवावी का फेकावी काई सुचेना. भाऊनं सुकरीबाईच्या तळहाताकडं बोट दाखवलं.

"चुलीवर भाजला," ती म्हनली, अन् त्याले बाजूच्या झाडाखाली बसवून आली.

मी हळूच विचारलं, "तुले समजलं होतं, नाई? त्याच्या पायाचा आवाज ओळखला?"

तिनं पुन्हा खराटा उचलला. भाजलेल्या हातानं धरता येईना, तर डाव्या हातात घेतला.

"नाई वं शकुबाई," ती म्हनली. "मलेबी वाघच वाटला."