उस्ताद, मेसेज आहे

लढाई संपली आणि बर्मातून परतल्यावर माझी बदली नगरच्या छावणीत झाली. काम शिकवण्याचं. रणगाड्यांवर जाणाऱ्या जवानांना वायरलेस शिकवायचा. सकाळी पी.टी., मग मोर्स, दुपारी सेटची देखभाल, संध्याकाळी पुन्हा मोर्स. मी हवालदार दाविद साळवे, सिग्नल्सचा माणूस आणि जात्याच तापट. जवान तोंडावर मला उस्ताद म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नाईक बबन शिंदे माझ्याबरोबर बर्मात होता. घोडेगावचा गडी, बाप गुरांच्या बाजारात दलाल. मोर्सच्या किल्लीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. बबनचा हात सावकाश आणि ठाम होता. हजार स्टेशनांत मी तो ओळखला असता.

वायरलेसचा एक कायदा इथे सांगायला हवा. जाळ्यात एक मुख्य स्टेशन असतं, त्याला कंट्रोल म्हणतात. बाकीच्यांनी आपणहून निरोप पाठवायचा नसतो. आधी विचारायचं, 'मेसेज आहे, पाठवू?' कंट्रोलने 'पाठव' म्हटलं, तरच पाठवायचं. आगाऊपणा केला की दुश्मनाला ठिकाण कळतं आणि माणसं हकनाक मरतात. बर्मात एकदा आजूबाजूला तोफगोळे पडत असताना बबन परवानगीची वाट बघत किल्लीवर बसून राहिला. साहेब खूश झाले, आणि त्याच्या बाहीवर नाईकची फीत चढली ती त्यामुळेच.

आमच्या दोघांची नोकरी संपली त्या सुमारास कॅप्टन घाटगे आमच्या आयुष्यात आले. तेही निवृत्त, अविवाहित, सडेफटिंग. नगरात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हा गृहस्थ समुद्राशिवाय बोलायचा नाही. मुंबईच्या बंदरात त्यांची शिडाची होडी होती. दिवाळीनंतर वारं इथून आफ्रिकेच्या बाजूला वाहतं, त्या वाऱ्यावर एडनपर्यंत जायचं त्यांनी ठरवलं होतं. सोबत एकच माणूस हवा होता, वायरलेसवाला. त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला घोड्यावरसुद्धा मळमळतं. मग त्यांनी बबनला विचारलं. बबनने समुद्र पाहिला होता तो फक्त पलटणीच्या जहाजातून, तरी तो एका पायावर तयार झाला.

तेव्हा हौशी रेडिओचं लायसन म्हणजे मोठं लचांड होतं. लढाईत सगळ्यांची लायसनं काढून घेतली होती, ती नुकती पुन्हा मिळू लागली होती. मोर्सची परीक्षा, लेखी परीक्षा, शिवाय पोलिसांची चौकशी. घोडेगावला फौजदार गेले आणि त्यांनी बबनच्या वडिलांना विचारलं, तुमचा मुलगा परदेशाशी बोलणार म्हणतो, ते कशासाठी? तात्या म्हणाले, "आमचा बबन घरात बोलत न्हाई साहेब, परदेशासंगं काय बोलंल?" चौकशी तिथेच संपली.

घोळ पुढेच होता. लायसन घराच्या पत्त्यावर मिळतं, होडीला पत्ता नसतो. वर अर्ज गेला तर उलट विचारणा आली की नगर जिल्ह्यात समुद्र नेमका कोणत्या तालुक्यात आहे. कॅप्टन हसून लोळले. मी चिडलो. शेवटी कित्येक महिन्यांच्या खेपांनंतर होडीसाठी वेगळी मंजुरी आली. माझ्या नावाचं लायसन छावणीजवळच्या भिंगारमधल्या माझ्या घरासाठी, बबनचं होडीसाठी. दोन्हीकडे रणगाड्यातून निघालेले जुने सेट. जहाजं ज्या लहरींवर बोलतात, त्या या सेटना लागत नव्हत्या. म्हणजे भर समुद्रात बबनचं ऐकणारा खात्रीचा माणूस एकच, मी.

लेखी परीक्षेत एक प्रश्न होता. संकटात सापडलेल्या स्टेशनाने काय करावं? बबनने बरोबर लिहिलं होतं. कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता आपलं ठिकाण आणि संकट पुन्हापुन्हा कळवत राहावं. आम्ही त्याची उजळणी माझ्या ओट्यावर बसून केली होती. त्याला ते तोंडपाठ होतं.

दिवाळी झाली आणि होडी सुटली. रोज दुपारी चारला बबनचा कॉल यायचा. 'मेसेज आहे, पाठवू?' मी म्हणायचो, 'पाठव.' मग अक्षांश, रेखांश, वारा, दोघांची तब्येत. एकदा त्याने कळवलं की कॅप्टनसाहेब स्वयंपाक करतात आणि तो खाववत नाही. मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यापेक्षा बबनभाऊजींना उपाशी राहायला सांगा.

एका शनिवारी कॉल आला नाही. रविवारी बायको सगुणा आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला निघाली. मी गेलो नाही, कानाला हेडफोन लावून बसलो. अकराच्या सुमारास बबनचा हात ऐकू आला. बारीक, पण स्पष्ट. माझ्या स्टेशनाची खूण, त्याच्या स्टेशनाची खूण, आणि पुढे 'तातडीचा मेसेज आहे, पाठवू?'

मी लगेच म्हणालो, 'पाठव.'

थोडा वेळ शांतता. मग पुन्हा तेच. 'तातडीचा मेसेज आहे, पाठवू?'

'पाठव. ऐकतोय. पाठव.'

पुन्हा तेच.

माझं त्याला ऐकू जात नव्हतं. त्याचा रिसीव्हर पाण्याने गेला होता, की माझी लहर तिथवर पोचत नव्हती, ते आजवर कळलेलं नाही. मी एरियल तपासली, करंट वाढवला, किल्ली दाबून दाबून मनगट सुजलं. तो कॉल द्यायचा, नियमाप्रमाणे थांबायचा, पुन्हा कॉल द्यायचा. त्याच्या सेटची बॅटरी उतरत चालली होती, आवाजावरून कळत होतं. मी रिकाम्या खोलीत ओरडलो. अरे गाढवा, विचारतोस काय, ठिकाण सांग. मला त्याचा राग आला होता, आणि जीव तुटत होता. परीक्षेतलं उत्तर कागदावर राहिलं होतं. बोटांना पलटणीचाच कायदा माहीत होता.

सगुणा परतली तेव्हा मी तिला तारघरात पिटाळलं. मुंबईच्या बंदर कचेरीला ट्रंककॉल लावायचा होता. तो लागला दोन तासांनी, आणि तेवढ्यासाठी मला किल्ली सोडून धावावं लागलं. मागे सगुणाला हेडफोन देऊन बसवलं. तिला मोर्स येत नव्हतं. तिला एवढंच सांगितलं, वाजतंय तोवर ऐकत राहा.

बंदर कचेरीतला साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, "एक बोट सोडता येईल. पोझिशन सांगा."

"शुक्रवारची आहे."

"आजची?"

"नाही."

"मधे वादळ येऊन गेलंय, हवालदार. दोन दिवसांत ते कुठल्या कुठे गेले असतील. इतक्या समुद्रात कुठे शोधायचं?"

मी शुक्रवारचेच अक्षांश-रेखांश वाचून दाखवले. त्यांनी शुक्रवारच्या ठिकाणी बोट पाठवतो म्हणून शब्द दिला आणि तो पाळला. तिथे काही सापडलं नाही.

मी घरी पोचलो तेव्हा सगुणा रडत होती आणि हेडफोन घट्ट धरून बसली होती. म्हणाली, "अजून वाजतंय, पण लई बारीक." मी ऐकलं. हात तोच, सावकाश, ठाम. आता विचारणं बदललं होतं. ड्युटी संपली की कंट्रोलला जे विचारायचं असतं, ते तो विचारत होता. 'स्टेशन बंद करू?'

तो थांबला. मी किल्लीवर हात ठेवला. परवानगी द्यायला माझा हात उठेना. 'पाठव', एवढंच मी पुन्हा वाजवलं. त्याने आणखी एकदा विचारलं, मग एकही आवाज आला नाही.

पुढच्या आठवड्यात मी घोडेगावला गेलो. बाजाराचा दिवस होता. तात्या एका लिंबाखाली बसले होते, आजूबाजूला गुरं आणि गोंगाट. बातमी त्यांना कळली होती. मी सगळं पुन्हा सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मग म्हणाले, "तुमाला त्याचं ऐकू येत हुतं?"

"होय."

"मंग तुमी बोलला का न्हाई?"

"बोललो, तात्या. सारखा बोललो. त्याला ऐकू गेलं नाही."

गुरांच्या बाजारात दलाल सौदा तोंडाने करत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात, बाकीच्यांना कळू नये म्हणून. तात्यांनी आपलं उपरणं सोडलं, माझा हात ओढून घेतला आणि दोघांच्या हातांवर ते टाकलं.

"कसं वाजवत हुता ते सांगा."

मी त्यांच्या तळहातावर बबनचा कॉल वाजवला. त्याच्यासारखाच, सावकाश. त्यांनी डोळे मिटले. "पुन्यांदा," म्हणाले. मी पुन्हा वाजवला. त्यांची बोटं माझ्या बोटांखाली हलत नव्हती.

"आता तुमचं."

मी वाजवलं. पाठव. ऐकतोय. पाठव.

तात्यांनी माझी बोटं मुठीत आवळली. ते म्हणाले, "पोचलं." आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. गिऱ्हाईकं येऊन बघत होती, सौदा चाललाय समजून लांब थांबत होती.

कॅप्टन घाटगे यांना जवळचं कुणी नव्हतं. नाईक बबन शिंदे यांच्या मागे आईवडील होते. दोघांची नावं कुठल्या स्तंभावर कोरलेली नाहीत, कारण ते लढाईत गेले नाहीत. म्हणून इथे लिहिली.