वाढत्या मापाचे टायर

मास्तरांनी शिवलेली पँट घालून माणूस दुकानाबाहेर पडला की आधी माणूस वळायचा आणि मग पँट वळायची. शाळेचा गणवेश शिवायला टाकला तर पहिल्या वर्षी त्यात मुलगा सापडायचा नाही, दुसऱ्या वर्षी थोडा दिसायला लागायचा आणि तिसऱ्या वर्षी कुठे तो गणवेश त्याचा व्हायचा. तोवर शाळेने रंग बदललेला असायचा. "वाढतं अंग आहे," हे मास्तरांचं त्यावरचं एकमेव उत्तर. हेच उत्तर त्यांनी एकदा सत्तरीच्या निवृत्त हेडमास्तरांनाही दिलं होतं. हेडमास्तर गप्प बसले. त्या वयात असं कोणी म्हटलं तर राग येण्याऐवजी बरंच वाटत असावं.

पण मास्तर मूर्ख नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांचं एक शास्त्र होतं. माप देताना प्रत्येक माणूस श्वास आत ओढतो, पोट पाठीला लावतो आणि छाती अशी काढतो, जशी ती एरवी कधीच निघत नाही. त्या क्षणाच्या मापावर कपडा शिवला, तर तो फक्त त्या क्षणापुरताच बसेल. म्हणून मास्तर टेपवर दिसेल त्यात दोन बोटं मिळवत आणि शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवत. गिऱ्हाइकाने तोंडाने सांगितलेल्या आकड्यावर त्यांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता.

या माणसाच्या पोटी जी एकुलती एक लेक आली, ती सायकलच्या शर्यतीत उतरली. आणि शर्यतीतले कपडे म्हणजे अंगाला चिकटलेले! कातडीवर कातडी. त्यात सुई घालायला जागा नाही, माया ठेवायची सोय नाही, आणि असले कपडे मास्तरांच्या मशीनवर शिवलेही जात नाहीत. लेक जन्मल्यापासून तिच्या अंगावर मास्तरांनी शिवलेल्याशिवाय दुसरा कपडा गेला नव्हता. आता सकाळ-संध्याकाळ ती कारखान्यातून आलेली काळी-पिवळी सालं घालून दारातून निघून जायची आणि मास्तर कात्री हातात धरून बघत राहायचे. तिच्यासाठी आता आपल्याला करण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. फक्त तिच्या सायकलच्या सीटला त्यांनी एक कव्हर शिवलं. ते तिने दोन दिवस लावलं आणि मग धुवायला टाकलं. ते अजून धुवायलाच आहे.

म्हणून गुरुवारी ती घाईघाईत म्हणाली, "बाबा, मला नवीन टायर आणशील? रविवारी निवड आहे आणि मला वेळच नाही," तेव्हा मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"कुठले आणू?"

"पंचवीस मिलिमीटरचे. दोन. पंचवीस, लक्षात ठेव."

"अगं, मी लोकांची मापं लक्षात ठेवून जगतो."

"म्हणूनच सांगतेय ती," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या.

रविवारच्या निवडीत पहिल्या पाचजणी संघात जाणार होत्या. लेकीला तिच्या प्रशिक्षकांनी नवी चाकं वापरायला दिली होती. जुन्या चाकांपेक्षा त्यांची रिम बरीच रुंद, आतल्या दोन कडांमध्ये एकवीस मिलिमीटर. जुनी पंधराची होती. मास्तरांनी ती चाकं हातात घेतली, उलटसुलट फिरवली आणि त्यांच्या डोक्यात तीस वर्षांचा धंदा जागा झाला. अंग रुंद झालं, मग कपडा पूर्वीचाच कसा चालेल? पोरीला कळत नाही. रिम वाढली म्हणजे टायरही वाढला पाहिजे.

त्यांनी अगदीच आंधळेपणा केला असंही नाही. सायकलच्या मागच्या दोन नळ्यांमधली जागा त्यांनी टेपने मोजली. बत्तीस मिलिमीटर. अठ्ठावीसचा टायर घातला तर दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर उरत होते. एरवी दोन बोटं सोडणारा हा माणूस दोन मिलिमीटरवर समाधानी झाला, कारण त्यांच्या मते टायर काही जेवायला बसत नाही.

दुकानात सायकलवाल्याने विचारलं, "मास्तर, किती देऊ?"

"अठ्ठावीस. रिम रुंद आहे."

"फ्रेममध्ये जागा आहे ना?"

"मोजलीय."

मास्तरांनी मोजलीय म्हटल्यावर पुढे कोण बोलणार!

टायर त्यांनी स्वतःच चढवले, कापड कापायच्या टेबलावर. कात्री चालवून चालवून त्यांच्या अंगठ्यात एवढा जोर आला होता, की टायर रिमवर चढवायला हत्यार लागलं नाही. हवा भरली. सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं. चाक गरगर फिरलं, कुठे घासलं नाही. मास्तर चार पावलं मागे सरकले, एक डोळा मिटला आणि गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून म्हणतात तसं म्हणाले, "वा! बसला."

लेक क्लासवरून आली. टायरवरचा आकडा तिने वाचला नाही. वडिलांनी आणलंय म्हणजे सांगितलं तेच आणलं असणार, असा तिचा भाबडा समज. शनिवारी दुपारी ती टेकडीच्या रस्त्यावर सरावाला गेली आणि तासाभराने सायकल हाताने ढकलत परत आली. मागच्या टायरची एक बाजू किसणीवर घासल्यासारखी झाली होती आणि फ्रेमच्या आतला निळा रंग जाऊन पत्र्याचा रंग दिसत होता.

"बाबा, मी किती सांगितलं होतं?"

"पंचवीस."

"आणि यावर काय लिहिलंय?"

मास्तरांनी चष्मा लावला. जणू तो आकडा ते पहिल्यांदाच बघत होते. "अठ्ठावीस लिहिलंय. पण फिरवून बघितलं होतं मी! कुठेही घासत नव्हतं."

"उलटी ठेवून फिरवलंस. मी चढावर उभी राहून जोर लावते तेव्हा चाक थोडं डावी-उजवीकडे झुकतं. चढावर नुसतं खर्र... खर्र... खर्र!"

"अहो, गिऱ्हाईक तुमच्यासमोर उभं असतं तोवर तुमची पँट बसते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ती उसवते बसल्यावर. हे तुम्हाला मी सांगायचं?"

मास्तरांकडे अशा प्रसंगांसाठी तयार उत्तरं होती. कपडा तोकडा झाला तर कापड आटलेलं असे, ढगळ झाला तर गिऱ्हाईक बारीक झालेलं असे. त्यांनी त्यातलं एक उत्तर काढून बघितलं. "उन्हाने रबर फुगलं असेल," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे म्हणाले, "थोडं आतून घेता येणार नाही का?"

"टायर आहे तो, बाबा! टायर!"

तिने मागचं चाक काढलं, खांद्याला अडकवलं आणि दुकानाकडे निघाली. मास्तर पुढचं चाक घेऊन मागे मागे. पुढचं कशाला, असं तिने विचारलं नाही. नुसतं मागे चालायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून हातात काहीतरी असावं, एवढंच. कोपऱ्यावर हेडमास्तर भेटले. "काय मास्तर, चाक शिवायला घेतलं?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं.

सायकलवाल्याने झिजलेला टायर बघितला, जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि टायरला लावला. "तीसला जेमतेम कमी."

"कसं शक्य आहे?" मास्तर उसळले. "वर छापलंय अठ्ठावीस!"

"छापणारा त्याच्याकडच्या रिमवर मोजतो, मास्तर. टायरच्या दोन कडा रिम जेवढ्या लांब ओढून धरेल, तेवढा तो हवा भरल्यावर आडवा पसरतो. हाच टायर जुन्या पंधराच्या रिमवर घातला असता तर सत्तावीसच भरला असता."

"मग लिहायचं कशाला?"

"तुमच्याकडे गिऱ्हाईक येऊन म्हणतं, माझी कंबर बत्तीस. तुम्ही बत्तीसच शिवता?"

"छे! बत्तीस म्हणणारा चौतीसच्या खाली नसतोच."

"मग?"

मास्तर काउंटरजवळच्या स्टुलावर बसले. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवला होता आणि ते गिऱ्हाईक रबराचं निघालं. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "माप माझं चुकलं."

लेक चपापली. कापड आटलं नाही, कोणी बारीक झालं नाही, ऊनही पडलं नाही, असं हे तिने ऐकलेलं पहिलं वाक्य. तिचा राग तिथेच अर्धा गळाला. उरलेला अर्धा मात्र तिने जपून ठेवला. रविवार अजून जायचा होता.

सायकलवाल्याने पंचवीसचे दोन टायर काउंटरवर ठेवले. "हा या रिमवर साडेसव्वीस-सत्तावीस भरेल. मागे दोन्हीकडे पुरेशी जागा राहील. याच्याखालचा तेवीस मात्र या रिमवर घालू नका. ताणला जाईल, आणि खड्डा लागला की रिमच रस्त्यावर आपटेल."

एक टायर त्याने मागच्या चाकावर चढवला. दुसरा उचलला आणि मास्तरांच्या मांडीवरचं पुढचं चाक मागितलं. मास्तरांनी ते पुढे केलं.

"थांबा," लेक म्हणाली. तिने चाक आपल्याकडे घेतलं. त्यावरच्या अठ्ठावीसच्या टायरवर अंगठा दाबला, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. "पुढे नाही घासला हा. पुढच्या फोर्कमध्ये जागा मोठी आहे."

"पुढे चालेल," सायकलवाला म्हणाला. "पुढे थोडा जाड आणि मागे बारीक, असं बरेच जण चालवतात. वळणावर पकड चांगली मिळते. पण तुला दोन्ही सारखे हवे असतील तर..."

"दुपारी उतारावर हाताला हादरे कमी बसत होते," ती जरा विचार करून म्हणाली. "पुढचा राहू दे."

दुसरा पंचवीस तिने काउंटरवर मागे सारला. घरी जाताना मास्तरांनी चाक हातात न धरता तिच्यासारखं खांद्याला अडकवलं, आणि हेडमास्तर पुन्हा दिसतात का म्हणून कोपऱ्यावर उगाच थोडं रेंगाळले.

रविवारी शर्यतीच्या रस्त्यावर एक मोठा चढ आणि त्याच्या टोकाला वळण होतं. तिथे मास्तर आणि मास्तरीणबाई उभे राहिले. मुलींचा घोळका चढावर आला, सगळ्या सीटवरून उठून पेडलवर उभ्या राहिल्या. माना खाली, सायकली डावीकडे-उजवीकडे झुकताहेत. माणसं ओरडत होती, कोणीतरी पातेलं बडवत होतं. मास्तरांनी एक हात कानामागे धरला आणि रस्त्याकडे वाकले. घोळका सर्रकन वळणावरून निघून गेला.

"अहो, कितवी होती?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "मला त्या उंच बाईच्या डोक्यामुळे काही दिसलंच नाही."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुमची लेक!"

"ते नाही बघितलं," मास्तर म्हणाले. "पण घासत नाहीये."

ती चौथी आली. शेवटच्या उतारावरच्या वळणात दोघीजणींनी ब्रेक दाबले आणि तिने दाबला नाही, एवढंच अंतर. यात पुढच्या टायरचा वाटा किती आणि तिच्या पायांचा किती, हे कोणी मोजलं नाही. मास्तरांनीही नाही.

घरी न्यायला एक लहान गाडी ठरवली होती. सायकल तिच्यात अख्खी मावत नव्हती. एरवी सायकलला कोणी हात लावला तर लेक फणकारायची. आज ती पाण्याची बाटली तोंडाला लावून रस्त्याकडेला बसली आणि म्हणाली, "बाबा, चाकं काढतोस?"

मास्तरांनी चाकं काढली. फ्रेम मागे आडवी ठेवली आणि दोन्ही चाकं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले.

"अहो, मागे जागा आहे की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"असू दे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी गाडीवाल्याला खड्डे बघून चालवायला सांगितलं.