मापाचा ब्लाउज

फोन आला तेव्हा मी मोरजीत होते. एका गेस्ट हाऊसचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचं काम होतं आणि मालक दरावर अडून बसला होता. मी उठून निघाल्याचं सोंग करून दारापर्यंत पोचले, एवढ्यात पर्समधला फोन वाजला. मायाचा, म्हणजे माझ्या थोरल्या जावेच्या, इंदूवयनीच्या, मुलीचा. "काकी, आई गेली," एवढंच ती बोलली. मी दारातच उभी राहिले. मालकाला वाटलं मी खरंच चालले; त्याने मागून हाक मारून मी मागितलेला दर कबूल केला. वयनीच्या मरणातही हिने आपला सौदा साधला असं म्हणणारे आमच्या नात्यात आहेत, म्हणून ही गोष्ट मीच आधी सांगून टाकते. मी फक्त मान हलवली, गाडीत बसले आणि डिचोलीची वाट धरली.

तिला जाऊन आता महिना उलटून गेला. समाचाराला आलेल्यांनी तिच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. इंदूवयनीने कुणाचं वाईट केलं नाही, कुणाला उपाशी पाठवलं नाही. पण माझी तिच्यावर एक तक्रार आहे आणि ती गेली म्हणून मिटलेली नाही. मला शिलाई मशीन चालवायला शिकवलं ते तिने. आज पेडण्यात माझं दुकान आहे, हाताखाली बाया आहेत, कितीतरी घरांतल्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे आहेत. आणि तिने स्वतःचा एकही ब्लाउज माझ्याकडे शिवायला टाकला नाही. बाई टेलरकडे येते ती आपल्या अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज घेऊन येते, "याच्या मापाने शिव" म्हणते. तसा मापाचा ब्लाउज वयनीने मला कधी दिला नाही.

लग्न होऊन मी सावंतवाडीकडून डिचोलीजवळ शिरगावच्या बाजूला आले. नवरा खाणीवर टिप्पर चालवायचा, थोरले भावजी कारकून होते. चार पैसे हवे असले तर सासूपुढे उभं राहायचं, हे मला पहिल्यापासून खुपलं. म्हापशात एक कुटुंब घर मोकळं करून परदेशी चाललं होतं आणि त्यांच्याकडे जुनं मशीन आहे असं कळलं. माहेरून आणलेले पैसे घेऊन मी तिथे गेले आणि घरवालीशी अशी घासाघीस केली की शेवटी तिने हात जोडले. मशीन टेंपोतून घरी आलं ते सुटं सुटं. लोखंडी पाय वेगळे, लाकडी फळी वेगळी, काळं मशीन जुन्या चादरीत गुंडाळलेलं. वसरीवर, म्हणजे घराच्या पुढच्या ओटीवर, सगळं मांडलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे जोडतात कसं तेच मला ठाऊक नाही. शिवता तर येतच नव्हतं. मला वाटलं होतं, मशीन आलं की शिवण येईल.

वयनी हात पुसत बाहेर आली. पार्सेला तिच्या माहेरी मशीन होतं, तिची आई गावातल्या पोरींचे परकर शिवायची. तिने सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "पट्टो खंय?"

खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर जाणारा चामड्याचा पट्टा नव्हता. म्हापशाच्या बाईने हात जोडले होते, पण पट्टा काढून ठेवला होता.

"तोंड बरें चलयलेंस तू म्हापशां," वयनी म्हणाली. "आतां पाय कशे चलयतलीस?"

आत सासू हसली ते मला ऐकू आलं. माझा भडका उडाला. चादर परत मशीनवर टाकली आणि म्हणाले, उद्या जाऊन त्या बाईच्या दारात बसते.

"ती विमानात बसलेली आसतली. तू त्या बाजूचे पाय धर."

मी लोखंडी पाय धरले. तिने फळी बसवली, मशीन बिजागऱ्यांत अडकवून स्क्रू आवळले, मग फळीवर तळहात ठेवून हलवून बघितली. जमीन उंचसखल होती. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे दुमडून एका पायाखाली घातले तेव्हा कुठे हलायचं थांबलं. खोबरेल घालायला मी बाटली आणली, तर तिने ती हातातून काढून घेतली. खोबरेलाने थंडीत मशीन थिजतं, मशीनचं तेल वेगळं असतं. शेजारून तेल आणून तिने प्रत्येक भोकात थेंब थेंब सोडलं, चाक हाताने फिरवत राहिली आणि बाहेर आलेलं काळं तेल चिंधीने टिपत राहिली. पट्ट्याचं काय, हे मी विचारणार होते, पण रागात असल्यामुळे विचारलं नाही. ती आत गेली आणि आपल्या नव्या परकराची नाडी ओढून घेऊन आली. नाडी तिपेडी विणली, त्यावर मेणबत्ती घासली, दोन्ही चाकांवरून ताणून गाठ न मारता टोकं दोऱ्याने शिवून टाकली. गाठ आली की चाकावर धक्का बसतो, म्हणाली. बाजारातून खरा पट्टा येईपर्यंत आमचं मशीन परकराच्या नाडीवर चाललं, आणि ती गोष्ट तिने गावात सगळ्यांना सांगितली. मी त्या पट्ट्यासाठी काय बोलणी खाल्ली ते मलाच ठाऊक.

शिकवताना तिने मला दोरा दिलाच नाही. सुई लावायची, तिची सपाट बाजू बरोबर अंगाला आहे ना बघायची आणि रेघांच्या वहीचा कागद घालून रेघेवरून मशीन चालवायचं. चाक आधी हाताने आपल्याकडे फिरवायचं, मग पायाने तोच वेग पकडायचा. माझा पाय उलटा पडायचा आणि चाक मागे जायचं. "कागद फाटलो तर कोण रडणा," ती जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, तांदूळ निवडत म्हणायची. कागदावरची भोकं रेघेवर यायला लागली तेव्हा तिने दोरा ओवायला शिकवलं. बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची लहान फिरकी, भरून तिच्या केसमध्ये बसवायची, वरचा दोरा सुईत घालून चाक एकदा फिरवायचं म्हणजे खालचा दोरा वर येतो, दोन्ही दोरे मागे ओढून ठेवायचे. पहिली शिवण मी घातली ती पायपुसण्यावर. तिने पायपुसणं उलटं केलं, खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं होतं. "वर कोणीय बरें दाखयता," ती म्हणाली, "माणूस उलटें करून पळयता." आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींचं काम मी आधी उलटं करून बघते. हे तिचं, ते मी नाकारत नाही.

मग मी शिवायला लागले. उशांचे अभ्रे, परकर, मग ब्लाउज. गिऱ्हाईकं आणायची वयनीच. देवळात, लग्नात, जत्रेत कुणी विचारलं की माझं नाव सांगायची. आणि स्वतः मात्र डिचोलीच्या बाजारातल्या टेलरकडे जायची. त्या टेलरच्या ब्लाउजचे खांदे ओढत. ती हात वर करून फळीवरचा डबा काढायची तेव्हा मला ते दिसायचं आणि मी दात-ओठ खायचे.

एका चवथीला मी हट्टाने घरातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवले. सासूचासुद्धा. माप दिलं नाही ते एकट्या वयनीने. आदल्या दिवशी पुरणाच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायला बसलो असताना वयनीच्या ब्लाउजचं पुडकं डिचोलीच्या टेलरकडून आलं. मी लाटणं खाली ठेवलं आणि सरळ विचारलं.

"माझ्या हाताक काय झालां गो वयनी? गावाक चलता, तुका चलना?"

"हात बरो आसा तुझो."

"मग माप दे."

"घरच्या माणसाकडे शिवूंक दिवचें न्हय," ती नेवरीची कड मुरडत म्हणाली. "बिघडलें तर बोलूं नजो. त्या टेलराक हांव तोंडार गाळी घालतां, तो हांसता आनी परत करून दिता."

"मला घाल शिव्या. नको कोण म्हणतो?"

"तू परत घालतलीस."

सासू आणि शेजारीण हसून हसून लोळल्या. मी उठून गेले आणि चवथीचे दिवस वयनीशी बोलले नाही. ती रोज माझ्या ताटात आधी वाढत होती, तेही मला टोचत होतं.

खाणी बंद झाल्या तेव्हा कर्जाने घेतलेला आमचा टिप्पर दारात उभा राहिला आणि बँकेचा हप्ता थांबेना. घर माझ्या मशीनवर चाललं. गावात भागत नव्हतं म्हणून आम्ही पेडण्याला आलो. किनाऱ्यावर खोल्या वाढत होत्या, खोलीला जनेल आणि जनेलाला पडदा लागतोच. मी दारोदार फिरले, भांडले, दर पाडून घेतले नाहीत, दुकान उभं केलं. उद्घाटनाला वयनी आली. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या नव्या मशीनकडे बघून म्हणाली, "पट्टो आसा मगे?" पडद्याची मुडप उलटी करून बघितली, "बरें केलां" म्हणाली. अंगावर टेलरचाच ब्लाउज होता. मी तिला साडी दिली, वर ब्लाउजपीसही दिलं आणि म्हटलं, हे तरी इथे ठेवून जा. तिने घडी पिशवीत घातली... आणि घेऊन गेली.

मागच्या वर्षी तिला जेवण जाईना. इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. एवढी भरलेली बाई, हां हां म्हणता उतरली. एक दिवस मायाचा फोन आला की आई तुला बोलावते, येताना सुई-दोरा आण. मी गेले. वयनी खाटेवर बसली होती आणि पुढ्यात तिचे ब्लाउज मांडले होते. सगळे अंगावर लोंबायला लागले होते.

"कुशीत टीप मार," ती म्हणाली. "कापू नाका. शिवण लांब घाल, उसवताना कापडाक भोकां पडूंक नजो. बरी जाल्यार परत सोडूंक येतलें."

एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा तिच्या अंगाला टेप लावला. बरगड्या बोटांना लागत होत्या. मी म्हणाले, "नवेच शिवते ना, दोन दिवसांत आणून देते." "हे बरे आसात," ती म्हणाली. मला राग आला. अशा वेळीसुद्धा आला, ते लपवून काय करू? तिचं माप हातात, आणि काम काय तर दुसऱ्याच्या शिवणीला टिपा मारायचं. जुनं मशीन अजून वसरीवर होतं. त्यावर बसून मी सगळे ब्लाउज दोन्ही कुशींतून आत घेतले, ती सांगेल तशा लांब टाक्यांनी. पुढे मी परत गेले तेव्हा त्या टिपांच्या आत आणखी एक टीप पडली. मग आणखी एक. टीप घालून झाली की ती ब्लाउज उलटा करून बघायची आणि बाजूला ठेवायची. एकदाही बोट ठेवलं नाही.

त्या दिवशी मोरजीहून मी पोचले तेव्हा बायका तिला न्हाऊ घालत होत्या. नवरा मागे ठेवून गेलेली, म्हणून हिरवी साडी काढली होती. साडीवरचा कोरा ब्लाउज कपाटात होता, पण तिच्या भरल्या तब्येतीच्या दिवसांतला, तो अंगावर राहीना. शेवटी मायाने टिपा घातलेल्यांतलाच एक काढून दिला. मी माझ्या हाताने त्याचे हुक अडकवले. बरोबर बसला.

तेराव्यानंतर माया पिशवी घेऊन दुकानात आली. ती बांध्याने आईसारखी आहे. "काकी, ह्या टिपा सोडून दे. मी घालीन." मी म्हटलं, जुने कशाला, तुला नवे शिवते, पैसे नकोत. ती म्हणाली, नवे नकोत. तिच्याशी मी घासाघीस केली नाही. पिशवी ठेवून घेतली. टोकाची गाठ कापून दोरा धरला की लांब टाका एका ओढीत सुटतो, सबंध दोरा हातात येतो. कापडावर भोकं पडली नव्हती. वयनीने सांगितलं होतं तसंच झालं. मी इस्त्री करून सगळे मायाला पाठवले. एक ठेवून घेतला, निळा, सगळ्या टिपांसकट. दुकानात गिऱ्हाईकांचे मापाचे ब्लाउज खुंट्यांवर टांगलेले असतात, त्यांतच टांगला.

गेल्या रविवारी माया आली. आईचाच ब्लाउज घातला होता. बोलता बोलता तिची नजर खुंटीवर गेली. उठून तिने तो खाली काढला, उलटा केला, कुशीतल्या एकाआत एक टिपांवरून बोट फिरवलं.

"हा राहिला की. हा नाही सोडलास?"

"नाही."

तिने तो आपल्या अंगाशी धरून बघितला. निम्म्यातही येत नव्हता.

"हा मला कधी होणार नाही, काकी."

"होऊ नये," मी म्हणाले. "दे इकडे."

तिने दिला. मी तो होता तसा सरळ करून परत खुंटीवर लावला आणि दुकानातल्या एका पोरीला चहा सांगायला पाठवलं.