चिंचतळं परीक्षेला बसतं

जयवंत परुळेकरांवर हल्ला झाला तो सकाळी सात वाजून चार मिनिटांनी, गासच्या वाटेवर, चिंचतळ्याच्या काठी. आधी आवाज आला. तो एवढा मोठा होता की तळ्यातले सगळे बगळे उडाले ते थेट कळंबच्या किनाऱ्यावर जाऊन बसले आणि दुपारपर्यंत परतायची त्यांची हिंमत झाली नाही. आवाजामागून नारळाची एक झावळी आली. आणि झावळीमागून लुगडं खोचून पुतळाबाई आली. उंची चार फूट आठ इंच, पण परुळेकरांना त्या क्षणी ती समोरच्या सात मजली इमारतीएवढी दिसली.

परुळेकरांचा गुन्हा एवढाच, की ते काठावर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात बाटली होती.

“ऊठ! ऊठ आधी! बिल्डिंगीत संडास नाय काय तुझ्या?”

“अहो बाई, मी पाणी तपासतोय!”

“असा बसलेला मानूस काय पन सांगतो!”

परुळेकरांनी बाटली दाखवली, औषधांच्या कुप्या दाखवल्या, निवृत्तीच्या वेळी कंपनीने दिलेलं ओळखपत्रसुद्धा दाखवलं. एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं घालवली होती. निवृत्त होऊन ते समोरच्या इमारतीत राहायला आले, आणि सकाळी वेळ कसा घालवायचा हे न सुचल्यामुळे तळ्याचं पाणी तपासू लागले. पुतळाबाईने सगळं ऐकून घेतलं, झावळी खाली ठेवली आणि विचारलं, “मंग काय निगालं?”

“पाण्यात ऑक्सिजन फार कमी आहे. दोन. माशांना निदान चार-पाच तरी लागतो.”

“म्हंजे मासं गुदमरतात?”

“हो.”

ती तळ्याकडे बघत राहिली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, काशीरामचं, शेत तळ्याला लागून होतं. वांगी, अळू, केळी, दोन म्हशी. चाळीस वर्षं ती त्या पाण्यावर जगली होती आणि ते गुदमरतंय हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

“रविवारी परत ये, मास्तर,” ती म्हणाली. परुळेकरांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ते मास्तर झाले. आणि पुतळाबाई त्यांना ‘तू’ म्हणत राहिली. ती सगळ्यांनाच ‘तू’ म्हणते. म्हशीला, देवाला आणि तलाठ्यालाही.

रविवारी परुळेकर आले तेव्हा ती आधीच काठावर होती. त्यांनी बाटलीत एक-एक औषध घातलं. पाणी गुळाच्या पाकासारखं तांबूस झालं, मग पिवळं, मग त्यात स्टार्चचे थेंब पडताच गडद निळं.

“ही तर खळ!” पुतळाबाई ओरडली. “साडीला घालतो ती!”

“तीच. आता हे दुसरं औषध थेंब-थेंब घालायचं. निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे. जितके थेंब, तितका ऑक्सिजन.”

“दे इकडं. तुझा हात हलतोय.”

त्या दिवसापासून थेंब तीच मोजते. पाण्याचा गढूळपणा बघायला परुळेकरांनी काळी-पांढरी चकती मागवायचं ठरवलं होतं. पुतळाबाईने लग्नातलं स्टीलचं ताट आणून त्यावर काळे-पांढरे चार भाग रंगवले, मध्ये भोक पाडून दोरी ओवली आणि ताट पाण्यात सोडलं. दिसेनासं झालं की दोरीवर चिमटीने खूण धरायची आणि वितीने मोजायचं. पहिल्या दिवशी ताट एका वितीतच गडप झालं. आकडे तिने घरच्या कॅलेंडरवर लिहिले, लाल शाईने, संकष्टीच्या चंद्राखाली.

मग ती गावाच्या मागे लागली.

सुरुवात स्वतःच्या म्हशींपासून. त्यांची आंघोळ तळ्यातून उठवून बोअरवेलच्या नळीवर आणली; म्हशी आठ दिवस रुसल्या होत्या. मग धुण्याचा दगड. बायका ऐकेनात, तेव्हा ती सकाळी सहाला जाऊन त्या दगडावरच बसली. भाजी निवडत. अकरा दिवस. बाराव्या दिवशी जयवंती पाटील धुण्याची बादली आपटून म्हणाली, “बाय, तू उठनार नाय काय?”

“मी उठंन. आधी तू वचन दे.”

गणपतीचा प्रश्न सगळ्यात अवघड. गावाचे गणपती पिढ्यान्‌पिढ्या चिंचतळ्यात बुडत होते. पुतळाबाईने काठाशी लोखंडी हौद ठेवायला लावला, पण हौदात बुडवले तर देव रुसेल, असं बरेच जण म्हणाले. पुतळाबाई म्हणाली, “इतकी वर्सं तुमची धुनी धुतलेल्या पान्यात बसवलंत तवा रुसला नाय, आता सोच्छ पान्यात रुसंल?” आणि सगळ्यांच्या आधी आपला गणपती डोक्यावर घेऊन हौदाकडे निघाली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिच्या मागे चौतीस घरं आली. पण प्रत्येकाने तिला तोंडावर सांगितलं होतं, “तुझ्या शब्दावर करतो हा. तळं सुधारलं नाय, तर बघ.”

तिसऱ्या वर्षी ताट पाच विती खाली दिसू लागलं. ऑक्सिजन सहाच्या वर गेला. परुळेकर घरी बायकोला, विनयाला, दर रविवारी आकडे सांगत आणि विनया म्हणे, “माझं ब्लडप्रेशर तरी कधी असं पाठ केलंत का?”

तेवढ्यात तलाव सौंदर्य समितीला तळ्याची आठवण झाली. समितीचा आराखडा तयार होता: तळं उपसायचं, चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, तळाला काँक्रीट, मध्ये रंगीत दिव्यांचं कारंजं. समितीचा सचिव युजीन गोन्साल्विस बाजूच्या गावचा, भला गृहस्थ. त्याने गावाला एक संधी मिळवून दिली. कामणच्या रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा. पाण्यातल्या घाणीचा आकडा तीनच्या आत आला तर तळं आहे तसं राहील. वर गेला तर भिंत.

नमुना शनिवारी सकाळी घेतला. परुळेकरांनी प्रयोगशाळेची बाटली स्वतः भरली, पुतळाबाईच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि बर्फ आणायला गेले. वीस मिनिटांत परतले, बाटली बर्फात खोचली आणि युजीनच्या गाडीत बसले. पुतळाबाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभी होती.

अहवाल चिंचेखाली सर्वांसमोर वाचला गेला. युजीनने आकडा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा त्याचा स्वतःचाच विश्वास बसला नाही.

“दोनशे दहा.”

“तीन पाहिजे होता ना?” कोणीतरी म्हणालं.

“हो. दोनशे दहा म्हणजे... गटाराच्या पाण्याला येतो.”

चौतीस घरांनी पुतळाबाईकडे बघितलं. जयवंती पाटीलने धुण्याची बादली उचलली आणि दगडाकडे पाहिलं. आणि गावाच्या इतिहासात पहिल्यांदा पुतळाबाईने माघार घेतली. उठून घरी गेली.

परुळेकरांनी आयुष्यभर छापील अहवालावर विश्वास ठेवला होता. त्या रात्री पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण या बाईला तीन वर्षं फसवलं. कुप्यांची औषधंच शिळी असणार. सकाळी ते माफी मागायला तिच्या घरी गेले. भिंतीवर तीन कॅलेंडरं होती, एकावर एक खिळ्याला लटकलेली. त्यांनी ती उतरवून जमिनीवर मांडली. दीडशेच्या वर रविवार. एकही चुकलेला नाही. काशीरामच्या ऑपरेशनच्या रविवारीसुद्धा आकडा होता. चार, साडेचार, पाच, सहा. हे आकडे हात हलणाऱ्या मास्तरचे नव्हते, तिचे होते. परुळेकर एकदम ताठ बसले.

“पुतळाबाई, घाण दोनशे असती तर मासे उलटे पडले असते. तळ्यात मेलेला मासा दिसला का तुम्हाला?”

“एक नाय.”

“मग घाण तळ्यात नाही. बाटलीत आहे. मी बर्फाला गेलो तेव्हा बाटली कुणी उघडली?”

“मीच.”

“तुम्ही? कशाला?”

पुतळाबाईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की परुळेकरांना आपण पुन्हा उकिडवे बसलोय असं वाटलं.

“परीक्षेला निगालेलं ना तळं? पोर परीक्षेला निगालं का दहीसाखर घालतो ना हातावर? मोठी चिमूट घातली साखरंची. आनि बूच नीट लावलं.”

परुळेकरांनी डोळे मिटले.

“दही नाय घातलं,” ती घाईने म्हणाली. “येवडी अक्कल हाय मना. पानी पांढरं झालं असतं.”

साखर पाण्यात कुजली की घाणीचा आकडा कसा आभाळाला जातो, हे परुळेकरांनी तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. मग पदर खोचला आणि म्हणाली, “चल. सांगाला पायजे.”

“मी सांगतो युजीनला. तुमचं नाव घेत नाही.”

“का? साखर काय तू घातलीस?”

ती चिंचेखाली उभी राहिली आणि बगळे उडवणाऱ्या त्याच आवाजात गावाला सगळं सांगितलं. गाव पोट धरधरून हसलं. युजीन चष्मा पुसत म्हणाला, “आमच्यात आई परीक्षेला जाताना कपाळावर क्रूस काढते, पुतळाबाय. तोच काढला असतास बाटलीवर, तर रिपोर्ट बिघडला नसता!”

“पुढच्या येळी तू काढ,” ती म्हणाली. “पन पुढची येळ दे.”

युजीनने दिली. दुसऱ्या नमुन्याच्या दिवशी पुतळाबाईने साखरेचा डबा आदल्या संध्याकाळीच जयवंतीकडे नेऊन ठेवला आणि काशीरामला कोरा, बिनसाखरेचा चहा प्यावा लागला. बाटली भरताना ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. युजीनने मात्र, कोणाचं लक्ष नाही असं बघून, बुचावर बोटाने हळूच क्रूस काढला.

प्रयोगशाळेने एक प्रत समितीला पाठवली आणि एक परुळेकरांना. दोन पूर्णांक चार. परुळेकर इमारतीचे सात जिने उतरून, चपला न घालता, शेतात धावत गेले. आयुष्यातले सगळे अहवाल त्यांनी खुर्चीत बसून वाचले होते. हा त्यांनी वांग्याच्या ओळीत उभं राहून, ओरडून वाचला. पुतळाबाईने कागद हातात घेतला, आकडा बोटाने चाचपला, आणि चौथ्या कॅलेंडरवर लाल शाईत उतरवून घेतला.

“माझा साडेसहा आनि ह्यांचा दोन-चार,” ती म्हणाली. “पास झालं ना?”

“पहिल्या नंबराने,” परुळेकर म्हणाले. त्यांना आणखी बरंच बोलायचं होतं, पण त्यांनी दोन वांगी तोडली.

भिंतीचं काम रद्द झालं. ठेकेदार आलाच नाही, एवढं एक कारण समितीच्या कागदावर आहे. दोन पूर्णांक चारच्या अहवालाची समितीकडची प्रत मात्र अजून पाकिटातच आहे; ते कुणी फोडलेलंच नाही.