कागदावरची जीवरक्षक

मी जीवरक्षक झाले आहे, हे मला झेरॉक्सच्या दुकानात कळलं.

त्या सकाळी सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी माझ्या हातात एक फाईल दिली आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती आणायला सांगितल्या. शिरूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून ती सोसायटी. मी तिथं जिने झाडायची, लॉबी पुसायची आणि पोहायच्या तलावाच्या काठच्या फरशा धुवायची. दुकानात गर्दी होती, म्हणून फाईल उघडून वाचत उभी राहिले. दहावी झालेली आहे, छापलेलं काही हाताला लागलं की मी सोडत नाही. तलावाच्या परवान्याचा अर्ज होता तो. खोलीचे आकडे काठावर रंगवले आहेत का? होय. बुडणाऱ्याकडे फेकायची रिंग आणि लांब काठी काठावर आहे का? होय. प्रथमोपचाराची पेटी? होय. तलाव चालू असताना प्रशिक्षित जीवरक्षक पूर्ण वेळ हजर? होय. आणि त्याच्यापुढं माझं नाव, आडनावासकट.

काठावर एकही आकडा नव्हता. फरशा रोज मीच घासत होते, मला माहीत नसणार तर कुणाला?

परत आल्यावर मी सरळ ऑफिसात गेले. "साहेब, ह्यात माझं नाव कसं काय?"

"अहो मावशी, तुम्हाला पोहता येतं ना? तुम्हीच मागे सांगितलं होतं."

"पवायला येतं. पण हितं प्रशिक्षित लिहिलंय. आन् पूर्ण वेळ. मी तर जिन्यात असते."

"ते कागदापुरतं असतं हो. सगळीकडे असंच भरतात."

साहेब माणूस वाईट नव्हते. मोठ्या कारखान्यात वरच्या जागेवरून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी कुणाला हेल्मेटशिवाय आत सोडलं नसेल. मशीनजवळचे नियम त्यांना खरे वाटायचे, पाण्याजवळचे नाही, एवढंच.

मला पोहायला वडिलांनी शिकवलं, न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवरच्या विहिरीत. आजोबांच्या काळात आमच्याकडं मेंढरं होती, वडिलांपासून आम्ही शेतीला लागलो. गोड्या तेलाचा रिकामा कॅन पाठीला बांधून त्यांनी मला पाण्यात सोडलं, तेही माझ्या दोन्ही भावांच्या आधी. चुलते म्हणाले, "पोरीला कशाला?" वडील म्हणाले, "पाण्याला पोरीच जात्यात. पाय घसरला तर काय भावाला हाका मारत बसंल व्हय?" विहिरीवर त्यांचा नियम एकच होता. आत कुणी असलं की एकानं काठावर बसायचं, आणि बसणाऱ्यानं फक्त बसायचं. शेजारचं गवत उपटलेलंही त्यांना चालायचं नाही.

एप्रिल लागला, ऊन तापलं. परवाना आला नव्हता, पण मुलांना सुट्ट्या लागल्या, आईबापांनी धोशा लावला आणि एका रविवारी तलाव उघडला. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी झाडू बाजूला ठेवून काठावर बसले. थोड्या वेळानं साहेबांचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावर कुणाकडून तरी पॅसेजमध्ये तेल सांडलं होतं, ते पुसून घ्या म्हणाले.

"साहेब, पोरं पाण्यात हायेत."

"त्यांचे आईबाप आहेत की तिथे. पाच मिनिटांचं काम आहे."

आणि मी गेले. हे मी लपवत नाही. वडिलांचा नियम माहीत असून गेले, कारण साहेबांनी सांगितलं होतं.

खाली आले तेव्हा तलाव मुलांनी भरलेला होता, गोंगाट चालला होता. तळ जिथून एकदम उतरतो, त्याच्या पलीकडं सात वर्षांची एक मुलगी होती. ती ओरडत नव्हती. बुडणारं माणूस ओरडतं असं लोकांना वाटतं, पण ओरडायला श्वास लागतो. तिचं तोंड आभाळाकडं होतं आणि शिडी चढावी तसे ती दोन्ही हातांनी पाणी खाली दाबत होती. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली आणि तिला मागून काखेत धरून काठाला आणलं. ती खोकली, ओकली, मग मोठ्यानं रडली. तिची आई चार पावलांवर खुर्चीत बसलेली होती. "खेळतेय असंच वाटलं मला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मुलीला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती सुखरूप घरी आली.

साहेब खाली येऊन म्हणाले, "झालं नाही ना काही? मग उगाच चर्चा नको. गुरुवारी तपासणी आहे."

मी तलावाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली.

"मावशी, चावी इकडे द्या. ती सोसायटीची आहे."

"कुलूप बी सोसायटीचंच हाय. पण अर्जात नाव माझं हाय. तपासणी हुईस्तवर मिळायची न्हाई."

इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

गुरुवारी सकाळी मला नवा नारिंगी टीशर्ट आणि शिट्टी देण्यात आली. मी दोन्ही खुर्चीवर तशीच ठेवली. तपासणीला एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी विचारलं, "जीवरक्षक कोण?" साहेबांनी माझ्याकडं हात केला.

"प्रशिक्षण कुठं घेतलं तुम्ही?"

"न्हाई घेतलं, बाई. विहिरीत शिकले मी. आन् रविवारी तलाव चालू व्हता, तवा मी तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसत व्हते. तेवढ्यात एक पोरगी बुडाया लागली."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी कुणाला काही न विचारता तलावाला एक फेरी मारली. आकडे नव्हते. रिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. प्रथमोपचाराची पेटी ऑफिसच्या कपाटात. अर्ज परत आला आणि तलाव बंद ठेवायचं पत्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी मला कामावर येऊ नका असं सांगितलं. मुलांची सुट्टी मी वाया घालवली, असं दोघीतिघींनी मला तोंडावर ऐकवलं. घरी नवरा म्हणाला, "खरं बोललीस ते बरं केलंस. पण मला आधी सांगायचं व्हतंस." दोन दिवस मला वाटत राहिलं, कशाला बोललो आपण. तिसऱ्या दिवशी त्या वाटण्याचाच राग आला. कागदावर खोटं त्यांनी लिहिलं आणि तोंड मी लपवायचं?

दौंडला एका शाळेच्या तलावावर जीवरक्षकाचं शिक्षण देतात, असं कळलं. रोज पहाटेच्या एसटीनं जायची, दुपारी परत यायची. वर्गात सगळी विशीतली पोरं. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, कपड्यांसकट उडी मारावी लागेल."

"मारून आलेय," मी म्हटलं.

माझ्याहून दीडपट वजनाचा माणूस पाण्यातून ओढून आणायला शिकले. रबरी पुतळ्याची छाती दाबून दाबून मनगटं सुजली. श्वास बंद पडला तर काय करायचं, हे मला विहिरीनं शिकवलेलं नव्हतं. ते येत नसताना माझं नाव त्या रकान्यात होतं, याची खरी भीती मला तिथं वाटली. शेवटच्या परीक्षेत पास झाले.

तोवर सोसायटीनं काठावर आकडे रंगवले होते, खोल पाण्याआधी दोरी बांधली होती. जीवरक्षक मात्र मिळत नव्हता. त्या मुलीच्या आईनं मला फोन केला आणि तीच मला सभेला घेऊन गेली. मी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक कागद. तलाव चालू असताना मला दुसरं काम सांगायचं नाही. माझी शिट्टी सगळ्यांनी मानायची, थोरांनीसुद्धा. मी रजेवर असले आणि बदली जीवरक्षक नसला, तर तलाव बंद.

मागून कुणीतरी हसलं. "मावशी आता अटी घालणार!"

"व्हय, घालते," मी म्हटलं. "पटत नसतील तर परत कागदावर कुणाचंबी नाव लिवा."

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि सही केली. माझ्याकडं पाहिलं नाही.

परवाना आला. आता मी तिथं काठावर उंच खुर्चीत बसते. गेल्या महिन्यात साहेबांचे पाहुणे आले होते. त्यातले एक जाडजूड गृहस्थ साडेतीन फुटांच्या बाजूला उभे राहून डोकं खाली करून सूर मारायच्या तयारीत होते. मी शिट्टी वाजवली.

"काही होत नाही हो, मी लहानपणापासून मारतो," ते हसत म्हणाले आणि साहेबांकडं पाहू लागले.

साहेब माझ्याकडं पाहत होते. मी खुर्चीतून उतरले आणि पुन्हा शिट्टी वाजवली. तलावातली सगळी मुलं जागच्या जागी थांबली. पाहुण्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग कठडा धरून ते पायऱ्यांवरून एकेक पाऊल टाकत पाण्यात उतरले.