गुरुजींनी तपासलेली वही

स्वखर्चानं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा मंगळवार पेठेतला छापखानावाला म्हणाला, "पावणं, आधी शुद्धलेखन तपासून घ्या की. न्हायतर लोक हसतील." मी मुद्दाम आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींकडं गेलो. ते आता ऐंशीच्या पुढं गेलेत, पण नजर शाबूत आहे.

मुद्दाम अशासाठी, की पुस्तकातलं चौथं प्रकरण त्यांच्यावरच होतं. आम्हा बौद्धवाड्यातल्या पोरांच्या वह्या ते कधी हातात घेत नसत. वही जमिनीवर उघडून ठेवायची आणि आपण मागं सरायचं. ते लांबून, उभ्यानंच बघायचे आणि म्हणायचे, "चुकलंय, परत लिही." कुठं चुकलंय, ते कधी सांगितलं नाही. हे सगळं मी लिहिलं होतं. त्यांनी ते एकदा वाचावं, एवढीच माझी इच्छा होती.

पंधरा दिवसांनी त्यांनी बाड परत दिलं. पानन् पान लाल शाईनं भरलं होतं. मला राहवलं नाही. विचारलं, "गुरुजी, चौथं प्रकरण वाचून काय वाटलं?"

"वाचतोय कोण? मी प्रत्येक पान शेवटच्या ओळीपासून वर तपासत जातो. मजकुरात गुंतलं की चुका निसटतात."

घरी येऊन ते प्रकरण उघडलं. शेवटी बरोबरची खूण होती आणि खाली त्यांची सही. पन्नास वर्षांनी गुरुजींनी माझी वही हातात घेऊन तपासली होती.