हयातीचं लायसन्स

मावशीच्या नाकावर राग कायम बसलेला असायचा आणि त्याला उठवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर तिची एक खोली होती. खाली इस्त्रीची वाफ, वर मावशीची, असं गिऱ्हाईकं म्हणायची, अर्थात जिना उतरून गेल्यावर. गणवेश शिवणारे, दवाखान्यांचे कोट शिवणारे, टोप्या करणारे, सगळे तिच्याकडे येत. कापडावर भरायच्या चिन्हाचं चित्र द्यायचं आणि गप्प बसायचं. मावशी ते कॉम्प्युटरवर पंच करायची, म्हणजे भरतकामाच्या मशीनची सुई कुठून निघेल, कुठे वळेल, टाका आडवा पडेल की तिरका, हे एकेक रेघ ओढून ठरवायची. ते चुकलं की कापड गोळा होतं आणि सिंहाचं मांजर होतं. मावशीचा सिंह सिंहच राहायचा. शहरातल्या निम्म्या लोकांच्या छातीवर तिचं काम होतं. एकालाही ते ठाऊक नव्हतं, आणि तिला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं.

बहीण गेल्यावर बहिणीची मुलगी तिच्याकडे आली ती तिथेच राहिली. आधी दोऱ्यांचे रंग लावून द्यायची, मग हळूहळू पंचिंग शिकली. बोलायला मऊ, म्हणून गिऱ्हाईकं तिच्याशीच बोलायची.

पुढे मावशीचा उजवा हात थरथरायला लागला. हे आता जायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मावशीने दोन दिवस डॉक्टरांना शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी तिने ठरवून टाकलं की खोली, कॉम्प्युटर, गिऱ्हाईकं, सगळं भाचीचं. पंचिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स भाचीच्या नावावर करायला तिने कंपनीला फोन लावला.

"लायसन्स तुमच्या वैयक्तिक नावाचं आहे, मॅडम," पलीकडचा मुलगा म्हणाला. "विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, वारसालाही मिळत नाही."

"मी पूर्ण पैसे मोजून घेतलंय."

"तुम्ही वापरायची परवानगी घेतली आहे, मॅडम. तुमच्या हयातीपर्यंत."

"म्हणजे मी मेले की माझी इतक्या वर्षांची डिझाइन्सही मेली?"

"नाही नाही, फायली तुमच्याच राहतील. फक्त उघडणार नाहीत."

मावशीने फोन ठेवला आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चुकलं काय तिचं? कात्री देता येते, मशीन देता येतं, राहतं घर देता येतं. आणि जिच्यावर पोट चालतं तेवढीच गोष्ट देता येत नाही. नवं लायसन्स घेतलं तरी जुन्या फायली मावशीच्या चावीशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या त्या बोटभर तुकड्याशिवाय, उघडणार नव्हत्या. आणि गिऱ्हाईकं यायची ती त्या जुन्या डिझाइन्ससाठीच.

"जाऊ दे ना मावशी," भाची म्हणाली. "करेन मी काहीतरी."

"काय जाऊ दे? हयातीपर्यंत म्हणतात ना? मग बघतेच मी."

तेव्हापासून जिला औषधाची आठवण करून दिली तरी अंगावर यायची, ती मावशी घड्याळ लावून गोळ्या घ्यायला लागली. मीठ कमी केलं. सकाळी फिरायला जायला लागली. लोक तब्येतीसाठी चालतात, ही कंपनीच्या नाकावर टिच्चून चालायची. आल्यावर दोघी कामाला बसायच्या. मावशीच्या पडद्यावर जुनं डिझाइन उघडायचं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर, एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, भाचीने ते पहिल्या टाक्यापासून नव्याने काढायचं. नुसतं बघून उतरवलं तर मावशी खोडायला लावायची. टाका इथेच का वळवला ते आधी सांग, मग काढ. भाचीच्या नाकी नऊ आले, पण डिझाइन्स बाहेर येत होती.

अर्ध्याच्या पुढे काम सरकलं आणि कंपनीचा माणूस जिना चढून आला. लायसन्स दुसरंच कुणी वापरतंय असा त्यांना संशय होता. माणूस वाईट नव्हता. धापा टाकत होता, पाणी मागून प्यायला.

"रोजचं काम कोण करतं?" त्याने विचारलं.

"मीच," मावशी म्हणाली.

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "जरा करून दाखवता?"

मावशीने माऊसवर हात ठेवला. पडद्यावरचा बाण माशीसारखा उडायला लागला. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिने हात काढला नाही. तेव्हा भाची उठली, खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि मावशीच्या हातावर तिने आपला हात ठेवला. बाण थांबला. मग डिझाइनमधल्या गरुडाच्या पंखावरून सरळ, एका रेषेत गेला.

"असं नाही चालणार, मॅडम. लायसन्सधारकाने स्वतः वापरायला हवं."

"माऊसवर हात कुणाचा आहे?"

"तुमचा, पण…"

"मग माझा हात कुणी धरायचा नाही असं लिहिलंय कुठे? दाखवा."

त्याने बॅगेतून अटींचा गठ्ठा काढला आणि बराच वेळ चाळला. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मी वर कळवतो," तो म्हणाला.

"कळवा. आणि बाईची तब्येत उत्तम आहे, तेही कळवा."

वरून काहीच आलं नाही. पुढचं वर्ष सरता सरता शेवटचं डिझाइन भाचीच्या कॉम्प्युटरवर आलं, मावशीने ते डोळे बारीक करून तपासलं आणि पुन्हा कंपनीला फोन लावला.

"लायसन्स परत करायचंय."

"पण का, मॅडम? हयातीचं आहे तुमचं. अजून वापरू शकता."

"माझी हयात तुमच्याकडे गहाण नकोय मला. आता मी जगेन किंवा मरेन, तुमचा संबंध नाही."

भाचीने चावी काढून पाकिटात घातली आणि पत्ता लिहायला पेन उचललं. मावशीने ते तिच्या हातातून काढून घेतलं. बराच वेळ लागला. अक्षरं पाकीटभर पळाली, पण पत्ता वाचता येत होता.